हिरवी पट्टी

गर्लगुंजीत दुपारी कुणी भेटलं
की विचारतं, जेवलास काय?
गिरणीकडचे विचारतात, ऊट आतेन्री?
दोन भाषांत एकच प्रश्न,
आणि विचारणारा तोवर वळणापलीकडे.
उत्तराला कोण थांबतंय.

मीही थांबत नव्हते.
मला अंगणवाडीचं काम. काटा आहे, पट्टी आहे,
रजिस्टर आहे. मनात मराठीत मोजते,
रकान्यात कन्नडमध्ये उतरवते.
पट्टी पोराच्या दंडाला गुंडाळायची,
खिडकीत येईल तो रंग वाचायचा.
लाल, पिवळा, हिरवा. झालं.

एवढं सोपं असतं तर.
मसणू लोहाराच्या धाकटीचे पाय
सगळ्या गल्लीला गुटगुटीत वाटत होते.
बाळसं धरलंय बघ, तिची आजी म्हणाली.
मी पावलावर अंगठा दाबला, दहापर्यंत मोजलं, उचलला.
खड्डा तसाच राहिला,
चिखलणीत म्हशीचा खूर राहावा तसा.
रात्री आठच्या बसनं बेळगाव गाठलं,
पोर वाचली.
तेव्हापासून गुटगुटीत हा शब्द
मी तपासल्याशिवाय घेत नाही.

आज यल्लुबाई हलगेकर नातवाला घेऊन आली.
लेक-सून गोव्याला, वेर्ण्यात कंपनीत,
पोर हिच्या पदरात.
सुमेध, वय तीन, दंड साडेपंधरा, हिरवा.
मी लिहीपर्यंत त्यानं पट्टी पळवली
आणि आजीच्या दंडाला गुंडाळली.
आजी, तुझी पण हिरवी!
बघ गे, यल्लुबाई बोळक्या तोंडानं हसली,
मी पण पास.

पट्टी खोटं बोलत नव्हती,
तिला फक्त पाच वर्षांपर्यंतचंच कळतं.
मी पट्टी सोडली आणि यल्लुबाईकडे बघितलं.
चांदीचं कडं, जे साबण लावूनही निघत नसे,
कोपरापाशी बसलेलं.
पोलक्याला पाठीत दोन पिना.
कवळी कुठाय?
डब्यात. सैल झाली गे, बोलताना पडते.

काल काय खाल्लंस?
च्या-बटर.
आणि?
सुमेधला अंडं केलं.
तुझं विचारलं.
खानापूरची बस आली, थांबली, गेली.
त्यानं टाकलेला भात, ती म्हणाली.
आता या वयात किती लागतंय?
हे वाक्य मी माझ्या आईलाही म्हणू दिलं होतं.

माझा काटा पोरं टांगायचा.
म्हणून गिरणीत नेलं, पोत्यांच्या काट्यावर.
इरय्या हिरेमठानं आकडा दोनदा बघितला.
चौतीस.
मग टोपी मागे सारून म्हणाला,
अक्का, पाडव्याला इथंच गमतीनं बसली होतीस,
बेचाळीस भरलीस.
मागं पन्नास किलोचं तांदळाचं पोतं उभं होतं.
कुणी हसलं नाही. सुमेध तेवढा पोत्यावर चढला.

रजिस्टरात साठीच्या पुढं रकाना नाही.
शेवटच्या कोऱ्या पानावर पट्टी धरून
पेन्सिलीनं एक आखला.
यल्लुबाई हलगेकर. पाडव्याला बेचाळीस. आज चौतीस.
सोमवारी खानापूरचा दवाखाना:
रक्त, साखर, आणि आधी ती कवळी.
खाली जागा ठेवली. अजून कुणाकुणाची नावं यायची,
आईचं कुठं लिहायचं ते ठरेना.

संध्याकाळी हुलग्याचं माडगं घट्ट केलं,
शेंगदाण्याचं बारीक कूट, वर तूप,
दात नसले तरी उतरेल असं.
वाटी घेऊन तिच्या पायरीशी गेले.
जेवलीस काय गे?
झालं की, ती म्हणाली, सवयीनं,
आणि वाटीतलं अर्धं
नातवाच्या ताटलीत ओतायला उठली.
बस, म्हटलं. त्याचं झालंय, मी बघितलंय.

ती वाटीकडं बघत राहिली.
मग चमचा बुडवला.
मला घरी जायचं होतं, दिवे लागले होते.
मी पायरीवरच बसले.